पाठ उचलून

मखमलरावांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजवा हात अस्वलाचा आणि डावा तान्ह्या बाळाचा. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा खुर्चीत बसलं की आरशातून ते दोन हात बघून बुचकळ्यात पडतं, आणि विचारावं की नाही, याचा निकाल लागेपर्यंत त्याची दाढी होऊन जाते. कारण अगदी साधं आहे. वस्तऱ्याला धार लावली की मखमलराव ती डाव्या हातावर करून बघतात. पातं नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. केस मुकाट्यानं पडले पाहिजेत. जरा खर्र झालं की वस्तरा परत दगडावर.

मखमल हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे आणि तो परवाना इतका उंच टांगलाय की वाचायला शिडी आणावी लागेल. फार मागे कुणी एक गिऱ्हाईक दाढी चालू असतानाच झोपी गेलं, उठल्यावर गालावरून हात फिरवून म्हणालं, "अरे, ही काय मखमल!" तेव्हापासून माणूस मखमल झाला आणि दुकानही मखमल झालं. पुढे वय वाढलं तसं लोकांनी मागे 'राव' जोडलं. चिडवायला जोडलं की मानानं, ते जोडणाऱ्यांनाही सांगता येणार नाही.

दुकान अरुंद. एका भिंतीला आरसा, त्याखाली संगमरवरी फळी, फळीवर वस्तरे, ब्रश, तुरटीचा खडा. आरशासमोर दोन खुर्च्या. खिडकीशी धारेचा दगड, त्याच्या शेजारी चामड्याचा पट्टा. रस्त्यावरच्या बाकी दुकानांत पाती बदलायचे वस्तरे आले, भिंतीवर टीव्ही आले. मखमलरावांनी एवढंच केलं की वस्तरे बुडवायला जंतुनाशकाची बरणी आणली आणि टीव्हीचं काम स्वतः करायला घेतलं. दुकान उघडल्यापासून मिटेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. पाऊस, दातदुखी, शेजाऱ्यांच्या पोराचं लग्न मोडलं ते, मिशी ठेवावी की काढावी, कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. फक्त एका विषयाला त्यांनी कुलूप घातलं होतं. तो विषय म्हणजे त्यांची मुलगी.

मुलीला सगळे काडी म्हणतात. लहानपणी काडीसारखी होती, अजूनही आहे. शाळा सुटली की ती दुकानात येऊन स्टुलावर बसायची, आणि वडील वस्तऱ्याला धार लावताना टक लावून बघायची. मग एक दिवस तिनं हट्टानं वस्तरा हातात घेतला आणि मखमलरावांनी तिला तेच सांगितलं जे त्यांच्या उस्तादांनी त्यांना बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं.

"पाठ टेकव."

वस्तऱ्याची एक कड धारेची असते आणि दुसरी जाड, तिला पाठ म्हणायचं. दगडावर वस्तरा आडवा निजवायचा, धार आणि पाठ दोन्ही एकदम टेकल्या पाहिजेत. पाठ टेकलेली असली की धारेचा कोन आपोआप राहतो. पाठ उचलली गेली की धार बिघडली. सगळी विद्या तेवढीच आहे, बाकी सगळा सराव. "पाठ टेकव, काडी, पाठ टेकव," असं मखमलराव म्हणत राहायचे आणि काडी जिभेचं टोक ओठांत धरून दगडावर वस्तरा पुढे-मागे करत राहायची. तिचा हात बसला तेव्हा त्यांनी अख्ख्या रस्त्याला सांगितलं. दुसरी खुर्ची तेव्हाच आणली. लाल रेग्झिनची, पाय ठेवायला पितळी पट्टी असलेली. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

काडीनं कॉलेज केलं आणि वनखात्याची परीक्षा दिली. पास झाली ते घरात आधी आईला कळलं, मग वडिलांना. मखमलराव चिडले असते तर बरं झालं असतं. चिडलेला माणूस निदान बोलतो. ते "छान" म्हणाले, जेवले, आणि दुसऱ्या दिवशी लाल खुर्चीवर चादर टाकली. त्यानंतर घरात सगळं बोलणं व्हायचं, जेवणाचं, औषधाचं, गळक्या नळाचं. काडीच्या नोकरीचा विषय निघाला की मात्र हे उठून चप्पल शोधायला लागायचे. त्यांना वाटायचं की मुलीनं दुकानाकडे पाठ फिरवली. काडीला वाटायचं की बापानं तिच्याकडे फिरवली. आणि काडीची आई, जी दोघांना ओळखून होती, ती म्हणायची की दोघेही एकाच मातीचे आहेत, डोकं आपटून काही उपयोग नाही.

आधी काही वर्षं काडीला शहरातल्या कार्यालयात काम होतं. मग हुकूम आला. सगळा उन्हाळा डोंगराच्या धारेवरच्या चौकीत काढायचा. वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलातून एक मोकळी पट्टी साफ करत जायची, तिला जाळरेषा म्हणतात. ती काढायची, राखायची, आणि धूर दिसला की धावायचं. बरोबर चारदोन माणसं, एक खोली, एक चूल. फोनला कधी रेंज, कधी नाही.

काडी जेवताना आईला सांगत होती. "हेल्मेट, हातमोजे, बूट खातं देतं. सुरी आपापली आणायची."

मखमलराव चप्पल शोधायला उठले होते. ते दारातच थांबले.

"सुरी?" ते म्हणाले.

"हो बाबा. वेली तोडायला, चुलीला बारीक लाकूड करायला. कुठे अडकलं-सवरलं तर दोर कापायला. तिथे सुरीशिवाय चालत नाही."

"सुरी माझ्यावर सोड," मखमलराव म्हणाले आणि परत येऊन ताटावर बसले.

काडीच्या आईनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. एवढ्या वर्षांत काडीच्या नोकरीबद्दल ते काही बोलले असतील तर हे पहिलं.

आता खरं सांगायचं तर मखमलरावांना रागापेक्षा भीती जास्त होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती, स्वतःलाही नाही. हुकूम आल्यापासून त्यांची झोप उडाली होती. काडी, जंगल, आग. या तिन्हींच्या मध्ये कुठे आपण उभे राहू शकतो, हे त्यांना सापडत नव्हतं. सुरी म्हटल्यावर सापडलं. पात्याच्या बाबतीत तरी त्यांना कुणी शिकवायला नको होतं, असं त्यांना वाटलं. माणूस नेमका अशाच जागी फसतो.

समोरच खिळेवाल्याचं दुकान. खिळे, कुलपं, दोर, बादल्या, आणि काचेच्या कपाटात सुऱ्या. मखमलरावांनी बरोबर गस्तवाल्या काकांना घेतलं. काका जन्मभर जंगलात गस्त घालून निवृत्त झालेले आणि दाढीला रोज येणारे. त्यांना सुऱ्यांची माहिती दांडगी होती, त्यातल्या बऱ्याच त्यांनी हरवल्या होत्या.

खिळेवाल्यानं आधी मिटणारी सुरी काढली. खटकन उघडली, खटकन मिटली. "बघा मखमलराव, खिशात मावते."

"आणि जोर लावताना बोटावर मिटली म्हणजे?" काका म्हणाले. "सांधा आला की दुखणं आलं. माझ्या गुडघ्यांना विचार. जंगलात न मिटणारी सुरी पाहिजे."

मग खिळेवाल्यानं काळी कुळकुळीत सुरी काढली. पाठीला करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. ही दाखवताना त्याची छाती फुगली होती. काकांनी मुठीचं टोपण फिरवून काढलं आणि आत बोट घातलं.

"पोकळ आहे. पातं आत नखाएवढं शिरलंय. पहिल्या दणक्याला मूठ तुझ्या हातात आणि पातं झुडपात."

"पण होकायंत्र आहे ना!"

"हो, म्हणजे मुठीला घर सापडेल."

खिळेवाला रुसला. तरीही माणूस धंद्याचा पक्का, त्यानं हातभर लांब एक सुरा काढला. मखमलरावांनीच मान हलवली. "हा काडी नेणार की यानं काडीला न्यायचं?"

शेवटी अगदी खालच्या खणातून, बिजागऱ्यांच्या मागून, एक निघाली. दिसायला काहीच नाही. करडं पातं, तळहाताहून जरासं लांब, दोन ठिकाणी गंजाचे ठिपके. मूठ दोन लाकडी पट्ट्यांची, आणि त्या पट्ट्यांच्या मधून पात्याचं पोलाद पार टोकापर्यंत गेलेलं दिसत होतं. पातं आणि मूठ सगळी एका तुकड्याची.

काकांचे डोळे चमकले. "अशीच होती माझी. ओढ्यात गेली."

"गंजते ही," खिळेवाला म्हणाला. त्याला ती विकायची नव्हती, होकायंत्रवाली विकायची होती.

"गंजू दे. तेलाचा हात फिरवला की झालं. फार कडक पोलाद काचेसारखं तडकतं, फार मऊ असलं की वाकतं. हिचं मधलं आहे, मार खाईल."

मखमलरावांनी सुरी डोळ्यांशी नेऊन धारेवरून अंगठा आडवा फिरवला. त्यांचं तोंड वाकडं झालं. "काका, हिला धार म्हणतात?"

"तू धार काय बघतोयस? धार लावली की लागते. पाठ बघ, मखमल, पाठ बघ!"

मखमलरावांनी पाठ बघितली. चांगली जाडजूड होती, सरळ होती, कुठे वळण नाही. त्यांना ती पटली. "पाठ उत्तम आहे," ते म्हणाले.

दोघेही पाठीबद्दलच बोलत होते, पण वेगवेगळ्या. काकांच्या मनात होतं की पाठीवर मार बसतो, म्हणून ती भक्कम हवी. मखमलरावांच्या मनात होतं की पाठ दगडावर टेकते, म्हणून ती सरळ हवी. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे, खिळेवाल्याच्या दुकानात, बादल्यांच्या रांगेसमोर आहे.

मुठीची परीक्षा मात्र त्यांनी अशी घेतली की काकाही बघत राहिले. ते रस्ता ओलांडून आपल्या दुकानात गेले, ब्रशनं साबणाचा भरपूर फेस केला, उजव्या हाताला कोपरापर्यंत फासला आणि तसेच परत आले. फेसाळ हातानं मूठ घट्ट धरून पिळून बघितली. हात घसरला नाही. आपल्या मालाला साबण लागला म्हणून खिळेवाला ओरडत राहिला. "ओल्या हाताचं दुखणं मला विचार," मखमलराव म्हणाले आणि सुरी घेऊन टाकली. म्यानही घेतलं, जाड चामड्याचं, मुठीवरून बंद बसणारं.

दुकानात आल्यावर त्यांनी डावी बाही वर केली आणि सुरी टेकवली. केसांनी तिची दखलसुद्धा घेतली नाही. जोर लावला तेव्हा कातडं लाल झालं. मखमलरावांना शरम वाटली. मखमलच्या मुलीच्या कमरेला बोथट सुरी! रस्ता काय म्हणेल?

त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते खिडकीशी बसायचे. दगडावर पाणी शिंपडायचं, सुरी आडवी निजवायची, पाठ टेकवायची, आणि घासायचं. सुरी म्हणजे काही वस्तरा नव्हे, तिच्या अंगावर केवढं पोलाद! आधी खरखरीत दगडावर घासलं, मग बारीक, मग आणखी बारीक. हाताला फोड आले, फुटले. बायकोनं विचारलं की गिऱ्हाइकांच्या गालांवर हे हात कसे फिरवणार, तर म्हणाले, "गिऱ्हाईक कुठे पळून जातंय." पातं हळूहळू बारीक होत गेलं. धारेशी तर इतकं की उजेडात धरल्यावर कड दिसेनाशी झाली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून त्यांनी ती हातावर टेकवली. केस पडले, आवाज नाही.

इतकं समाधान त्यांना कित्येक दिवसांत झालं नव्हतं. घरी नेऊन त्यांनी सुरी काडीच्या हातात ठेवली आणि उगाच छपराकडे बघत उभे राहिले.

काडीनं म्यानातून काढली. खिडकीशी नेली, एक डोळा मिटून धारेच्या रेषेत बघितलं, नख लावलं. जराशी थांबली. मग आईकडे बघितलं.

"केवढी धार लावलीय, बाबा!"

"हातावर करून बघ."

तिनं बघितलं. केस पडले. तिनं तिथेच पट्ट्यात ओवून सुरी कमरेला बांधली आणि त्यांच्यासमोर फिरून दाखवली. मखमलराव त्या दिवशी दोनदा जेवायला बसले, कारण एकदा जेवलोय हे विसरले.

जायच्या आदल्या दिवशी काडी खरेदीला गेली होती. मखमलरावांच्या मनात आलं की सुरी गंजायला नको, तेलाची लहान बाटली तिच्या पिशवीत टाकावी. पिशवी भरून तयार होती. बाटली सांडू नये म्हणून तळाशी जागा करताना टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. त्यांनी उलगडलं. ती एक सुरी होती. साधी, जाड, मुठीला घामाचे डाग. वापरलेली, कुणाकडून तरी आणलेली.

ते टॉवेल घेऊन स्वयंपाकघरात गेले. काडीची आई भोपळा चिरत होती. तिनं टॉवेल बघितला आणि विळी आडवी केली.

"हे काय आहे?"

"दिसतंय ना. सुरी आहे."

"मग मी दिली ती?"

खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "तुमची कमरेला," ती म्हणाली, "ही कामाला."

मखमलराव टॉवेलातली सुरी उलटीपालटी करत राहिले.

"तिनं बघितल्या बघितल्या ओळखलं. म्हणाली, बाबांनी हिचा वस्तरा करून टाकला, लाकडात एक घाव टिकायची नाही. मी म्हटलं, मग सांग त्यांना. तर म्हणते, नको आई, एवढ्या हौसेनं केलंय. हाताला फोड आलेत त्यांच्या. मी बांधीन कमरेला, त्यांना कशाला दुखवायचं."

दुखवायचं नाही म्हणून जे केलं जातं त्याच्याइतकं काही दुखत नाही. मखमलरावांना पहिल्यांदा राग आला. काल आलेली पोरगी, हिला मी धार शिकवली, आणि ही मला! त्यांनी खुंटीवरच्या काडीच्या पट्ट्यातून आपण दिलेली सुरी उपसली, मागल्या अंगणात गेले, सरपणातला एक ओंडका उभा केला. गस्तवाले काका चहा पिताना शंभरदा सांगायचे ते त्यांना ठाऊक होतं: सुरीची धार लाकडावर ठेवायची आणि पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकायचं, म्हणजे लाकूड फाटत जातं. ठाऊक होतं, पण पात्याला मारायचं म्हटल्यावर हात उचलेना. जन्मात कधी त्यांनी पातं आपटलं नव्हतं, फळीवर ठेवतानासुद्धा आवाज होऊ दिला नव्हता.

डोळे बारीक करून त्यांनी ठोकलं. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली. "बघा!" ते एकटेच म्हणाले. परत ठोकलं. परत. मग लाकडात गाठ आली, आणि कट् असा आवाज झाला. आवाज बारीक होता, पण मखमलरावांचे कान त्याच कामाचे. त्यांनी सुरी ओढून काढली. धार अर्धीअधिक एका बाजूला दुमडली होती, आणि मधोमध अर्ध्या नखाएवढा टवका उडाला होता.

ते ओंडक्यावरच बसले. राग कुठच्या कुठे गेला. त्या जागी आली ती भीती, आणि या खेपेला त्यांनी ती ओळखली. डोंगरावर असंच झालं असतं तर? पोरगी वेलींत अडकली असती, दोर कापायचा असता, आणि बापानं हौसेनं दिलेली सुरी अशी तुटली असती तर? काडीनं दुसरी आणली म्हणून बरं. ती आपल्याहून शहाणी निघाली म्हणून बरं.

फाटक वाजलं. काडी पिशव्या घेऊन आली ती थेट मागे. तिनं बाबा बघितले, ओंडका बघितला, सुरी बघितली.

"आईनं सांगितलं?"

"मला सापडली," मखमलराव म्हणाले. "काडी, तू मला सांगायचं होतंस."

"तुम्ही किती वर्षांनी माझ्या कामाचं काहीतरी हातात घेतलं होतं, बाबा. ते तुमच्या हातातून काढून घ्यायचं माझ्या जिवावर आलं."

मखमलरावांनी नुसती सुरी पुढे केली. काडीनं टवक्यावरून बोट फिरवलं.

"जाईल हा. घासून काढला तर जाईल. पातं मागे जाड आहे अजून."

"दुकानात चल," ते म्हणाले.

दुपार कलत होती. दार लोटून घेऊन ते खिडकीशी बसले. काडी त्यांच्या मागे उभी राहिली. त्यांनी खरखरीत दगड ओला केला, सुरी निजवली, आणि हाताला सवय ती, पाठ टेकवली.

"पाठ उचला, बाबा."

मखमलरावांनी मान वळवून वर बघितलं.

"पाठ उचला. आणखी. अजून थोडी. हां, आता धरून ठेवा. पाठ वर राहिली की धार जाड बसते, मार खाते."

सांगायला सोपं आहे. ज्या माणसानं उस्तादाची पट्टी खाल्ली, ज्यानं आयुष्यभर पाठ टेकवली, त्याच्या मनगटाला विचारा. सुरी उचललेल्या पाठीनं दगडावर घासली गेली तेव्हा जो खर्र आवाज झाला त्यानं त्यांच्या अंगावर काटा आला. पाठ आपोआप खाली यायची आणि मागून आवाज यायचा, "उचला." लहानपणी ती चुकायची तेव्हा त्यांचा आवाज चढायचा. हिचा चढला नाही. मध्येच तिनं त्यांच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि कोन धरून दिला. काडीएवढा हात, पण पक्का होता.

दुमडलेली धार गेली. टवका लहान होत होत गेला. सगळी नजाकत दगडावर करड्या चिखलात उतरली आणि सुरीला जाड, पोट असलेली, आडदांड धार आली. मखमलरावांनी बाही वर करून ती टेकवली. काही केस गेले, काही वाकून तसेच उभे राहिले, आणि आवाज तर चांगलाच झाला.

"भयंकर आहे," ते म्हणाले.

"झकास आहे," काडी म्हणाली.

घरी येऊन तिनं तोच ओंडका घेतला, तीच गाठ. मखमलराव अंगणात थांबले, पण दुसरीकडे तोंड करून. ठोकल्याचे आवाज आले, मग फाटल्याचा आवाज आला. काडीनं सुरी त्यांच्यासमोर धरली. धार जशीच्या तशी होती. फक्त पाठीवर एक बारीक खोक पडली होती.

काडीनं पिशवीतून टॉवेल काढला आणि त्यातली सुरी आईपुढे ठेवली. "ही तुला भोपळ्याला."

"माझी विळी काय वाईट आहे?" आई म्हणाली, पण तिनं घेतली. आणि डोळे पुसायला पदर वर नेला, तो घाम पुसायचा म्हणून.

काडी गेली. मखमलराव तिला सोडायला गेले तेव्हा वाटेत फक्त हवापाण्याचं बोलले, आणि गाडी हलल्यावर धावत खिडकीशी जाऊन ओरडले, "तेल लाव तिला!" आजूबाजूच्यांनी वळून बघितलं.

तो उन्हाळा लांबला. दुकानात बोलणं चालूच होतं, पण आता त्यात जाळरेषा आली, चौकी आली, वारा कुठल्या दिशेचा आहे ते आलं. ज्यांना जंगलाशी काही देणंघेणं नव्हतं त्यांनाही वणवा कसा सरकतो ते गालाला साबण लावलेला असताना ऐकावं लागलं. फोन लागला की काडी सांगायची, सगळं ठीक आहे. बाप विचारायचा, "आणि सुरी?" ती म्हणायची, "आहे." फोन ठेवल्यावर ते त्या 'आहे'चा अर्थ लावत बसायचे. खरंच कामाला आहे, की परत आपलं मन राखतेय? ही शंका त्यांना उन्हाळाभर पुरली.

एका सकाळी गस्तवाले काका खुर्चीत होते, अर्धी दाढी झालेली. दार ढकलून काडी आत आली. काळी पडलेली, बूट धुळीनं माखलेले, एका बाजूचे केस ठिणग्यांनी आखूड झालेले. घरीही गेली नव्हती. तिनं लाल खुर्चीवरची चादर ओढून घडी घातली आणि खुर्चीत बसली.

"केस बारीक करा, बाबा. डोळ्यांत येतात."

तिनं कमरेची सुरी सोडली आणि फळीवर, वस्तऱ्यांच्या रांगेत ठेवली. मखमलरावांनी ती उचलली, म्यानातून काढली आणि डावी बाही वर सारली. मग थांबले. बाही खाली केली आणि सुरी उलटी केली.

पाठ सगळी खोकांनी भरली होती. मुठीपासून टोकापर्यंत, एकावर एक, जागा म्हणून उरली नव्हती. असे घाव मन राखायला कुणी घालत नाही. मखमलराव अंगठा फिरवत राहिले, आणि उन्हाळाभर पुरलेली ती शंका तिथे, गिऱ्हाइकासमोर, फिटली. पाणावलेले डोळे त्यांनी लपवले नाहीत.

"धार जरा गेलीय," काडी आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली. "लावून द्याल?"

"आणि माझी दाढी?" काका ओरडले. त्यांच्या अर्ध्या गालावर फेस वाळत चालला होता.

"थांबा जरा," मखमलराव म्हणाले. ते खिडकीशी जाऊन बसले, दगडावर पाणी शिंपडलं, सुरी ठेवली, आणि कुणी न सांगता पाठ उचलली.